नारपोलीत शांतता बांधताना

दिघाशीला एका गोदामाच्या स्लॅबचं काम चालू होतं, तेव्हा सलीमभाईंचा फोन आला. मिक्सर धडधडत होता, काही ऐकू येईना, म्हणून मी बांधावरून चालत शेताच्या पार टोकाला गेलो. सलीमभाई म्हणजे भिवंडीतल्या नारपोलीतले लूमवाले, यंत्रमागाचे मालक. तिथल्या माझ्या प्लॉटला लागूनच त्यांचा कारखाना. ते म्हणाले, "बालारामभाई, बाजी चली गयी." बाजी म्हणजे ताई, माझी आतेबहीण हेमलता. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर... गेली शेवटी इंग्लंडला परत, मला न सांगता. ती परत आली तेव्हापासून हीच धास्ती मनात घेऊन मी वावरत होतो, त्यामुळे 'चली गयी'चा दुसरा काही अर्थ असू शकतो हे डोक्यातच शिरलं नाही. मी चिडून विचारलं, "कब गयी? मेरे को बोली भी नहीं?" पलीकडून सलीमभाईंच्या रडण्याचा आवाज आला, आणि मला कळलं.

सकाळी चहा घेताना डोकं दुखतंय म्हणाली, उठायला गेली आणि कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं. पन्नाशीही गाठली नव्हती तिने. या गोष्टीला आता दीडेक महिना होत आला. घरात अजून कुणी ना कुणी मधूनच डोळे पुसतं, मीही पुसतो, पण हेमाबद्दल लिहायला बसलो की हात रडका होत नाही. तिच्याबरोबरची ही मागची वर्षं आठवली की आजही पायात चपला सरकवून कुठेतरी निघावंसं वाटतं. "बाळा, चल, एक गंमत सुचलीय," असं म्हणत ती दारात उभी राहिली, की मी हातातलं काम टाकून निघायचो ना, तसं.

आमचं गाव कोन, कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच दिसतात, त्यातली काही मीच बांधलेली. आमच्या लहानपणी तिथे भातशेती होती आणि मागे खाडी. आत्याचं सासर गावातच. तिचे यजमान लवकर गेले. घरात ती आणि ही एकुलती एक पोर. आत्याने घरामागची पडवी एका लूमवाल्याला भाड्याने दिली आणि स्वतः तिथेच कांडी भरायला बसली. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात घालतात ती सुताची नळी. दिवसभर ती त्या खडखडाटात बसायची, आणि चूल लूमच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे स्वयंपाक करतानाही सुटका नव्हती. त्या पडवीच्या जिवावर हेमा शिकली. आधी भिवंडीत, मग मुंबईत. कान आणि वाचा यांचं शास्त्र असतं, त्यात माणूस पदवी घेऊ शकतो, हे कोनला तिच्यामुळे कळलं. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती इंग्लंडला गेली आणि तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात श्रवणतज्ज्ञ झाली. लग्न केलं नाही. दर रविवारी आत्याला फोन करायची. आत्याचं उत्तर ठरलेलं: "मी बरी हाय. तू जेवलीस काय? ठेव आता, बिल वाढंल." आणि खटकन फोन खाली. हेमा मला म्हणायची, आई माझ्यावर कशाने तरी नाराज आहे.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंगचा नुसता कहर होता. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला हेमा आली होती. हळदीच्या दिवशी मांडवात डीजे दणाणत होता आणि ऐन रंगात लाईट गेली. सगळं बंद. मी जनरेटरवाल्याला शोधायला निघालो तर हेमाने माझा हात धरला.

"बाळा, डीजे बंद झालाय ना?"

"झाला की. लाईट गेली."

"मग ही माणसं ओरडून का बोलतायत?"

मी मांडवाकडे बघितलं. खरंच, आवाज गेला होता तरी सगळे मघासारखेच एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते. इतकी वर्षं मी हे बघत आलो होतो आणि मला कधी जाणवलं नव्हतं. मी म्हटलं, "आपल्याकडं बोलायची रीतच तशी हाय." ती हसली नाही. म्हणाली, "ही रीत नाही बाळा. हे लूमने खाल्लेले कान आहेत."

लग्न बाजूलाच राहिलं. पुढचे चार दिवस मी तिला मोटारसायकलवर मागे बसवून नारपोली पालथी घालत होतो. ती कारखान्याच्या दारात उभी राहायची, कारागीर बाहेर चहाला आले की त्यांच्याशी हिंदीत गप्पा मारायची, बोलता बोलता कुणाच्या तरी मागे जाऊन हळूच चुटकी वाजवायची. माणूस वळला नाही की माझ्याकडे बघायची. ज्या वयात आमच्या ओळखीचे लोक मुलांच्या दहावीची काळजी करायला लागतात त्या वयात तिचे डोळे परीक्षेचा पेपर सोपा आलेल्या मुलीसारखे चमकत होते. कोनला परतताना रस्त्यात ती म्हणाली, "तिकडे मी नोकरी सोडली तर माझ्या खुर्चीसाठी रांग लागेल. इथे एवढे कान आहेत, आणि खुर्चीच नाही."

मला वाटलं, सुट्टीत येणारा प्रत्येक जण असं काहीतरी बोलतो. विमानात बसला की विसरतो. पण पुढच्याच वर्षी ती आली ती एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन, सोबत कान तपासायचं मशीन. हॉस्पिटलने जागा राखून ठेवली होती. वर्षभरात परत गेली तर नोकरी आहे, नाहीतर नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. तिकडून काढून टाकली असंल, कायतरी लफडा असंल. आत्या तर दारात उभी राहून सगळ्यांसमक्ष म्हणाली, "लोकांच्या पोरी जातान, माझी परत आयली. कनाला आयलीस?" कशाला आलीस, असा जाबच विचारला. त्यानंतर तिने लेकीशी नीट बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पाणी द्यायची आणि मागच्या पडवीत निघून जायची. लूमवाला जागा सोडून गेला होता तरी आत्याची बसायची जागा तीच.

कान तपासायचे तर शांतता लागते, आणि नारपोलीत शांतता फक्त दोनदा मिळायची: शुक्रवारी कारखाने बंद असत तेव्हा, आणि लाईट जायची तेव्हा. सगळं भिवंडी विजेच्या नावाने बोटं मोडत असायचं आणि ही बाई माझ्या नारपोलीतल्या ऑफिसात मशीनला ट्रकची बॅटरी जोडून तयारीत बसलेली. लाईट गेली की अशी खूश व्हायची, जणू सणच आला. एखाद्याला कानावर हेडफोन चढवून बसवायची, बारीक बारीक आवाज सोडायची, ऐकू आला की बोट वर करायचं. निम्मी तपासणी होते न होते तोच लाईट परत यायची आणि शेजारून सलीमभाईंचे लूम एकदम सुरू व्हायचे. असं दोन महिने चाललं. मग एके दिवशी ती म्हणाली, "बाळा, तू एवढी गोदामं बांधतोस. मला एक खोली बांधून दे. लूम चालू असताना जिच्यात लूम ऐकू येणार नाही अशी."

मी छाती ठोकून हो म्हटलं. ऑफिसच्या मागच्या जागेत जाडजूड भिंतींची खोली उभी केली, भक्कम दार लावलं. हेमा आत जाऊन बसली आणि लगेच बाहेर आली. "येतोय."

"काय येतोय?"

"लूम. कानातून नाही, पायातून."

मी चप्पल काढून फरशीवर उभा राहिलो. खरंच, जमीन थरथरत होती. मग आमचा खरा उद्योग सुरू झाला. तिने तिकडची पुस्तकं काढली, मी माझ्या ओळखीचे लोक काढले. खोलीच्या आत दुसरी खोली बांधायची, आतलीने बाहेरच्या भिंतीला कुठेच शिवायचं नाही, आणि तिची जमीन जड मशीनखाली घालतात त्या रबराच्या जाड पॅडवर उभी करायची. मधल्या पोकळीत एसीवाल्याकडून आणलेली ग्लासवूल, काचेच्या तंतूंची लोकर. मी म्हटलं होतं, इथे सुताचा कचरा फुकट मिळतो, तोच भरू. तर म्हणाली, ठिणगी पडली तर माणसं आत भाजून निघतील. दारं दोन, एकामागे एक. हवा यायला वाकडातिकडा बोगदा, म्हणजे हवा वळत वळत येईल आणि आवाज वाटेतच दमेल. आयुष्यभर मी मोठ्ठी कामं केली होती, पण या एवढ्याशा खोलीने मला जेवढं नाचवलं तेवढं कुठल्या गोदामाने नाचवलं नाही.

आणि सगळं झाल्यावरही एक बारीक गुणगुण आत येतच राहिली. कुठून येते ते कळेना. हेमा डॉक्टरचा स्टेथोस्कोप घेऊन भिंतीला लावत गुडघ्यांवर रांगत फिरत होती, मी मागून टॉर्च धरून. आमचा मिस्त्री दारातून म्हणाला, "क्या मॅडम, दीवार को बुखार है क्या?" ती म्हणाली, "है, लेकिन किधर है मालूम नहीं पडता." दोन दिवस आम्ही असे रांगलो. शेवटी एका कोपऱ्यात ती थांबली आणि मला खूण केली. तिथली फळी काढली तर दोन भिंतींच्या मधे सिमेंटचा एक गोळा पडून सुकलेला. तेवढ्या गोळ्याच्या पुलावरून सलीमभाईंचा अख्खा कारखाना आत येत होता. सळईने ठोकून गोळा काढला, दोन्ही दारं लावली, आणि... काहीच नाही. बाहेर लूम धडाडत होते आणि आत मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ते घड्याळ आवाज करतं हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसत राहिलो.

खोली झाली, पण माणसं येईनात. कारागिराला वाटायचं, बहिरा म्हणून कळलं तर शेठ काढून टाकेल. शेठांना वाटायचं, ही बाई सरकारात तक्रार करेल. सलीमभाई तर सुरुवातीला माझ्याशीसुद्धा तुटक वागायला लागले होते. पण त्यांची चार वर्षांची नाझिया बोलत नव्हती. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की पोर मंदबुद्धी आहे. एका शुक्रवारी बायकोच्या आग्रहाने ते तिला घेऊन आले. हेमाने तिच्याशी खेळ मांडला, आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. मोठे आवाज आले की नाझिया मणी टाकायची, बारीक आले की मणी हातात धरून हेमाचं तोंड बघत बसायची. पोर हुशार होती, तिला ऐकूच येत नव्हतं. कानाचं मशीन बसवलं त्या दिवशी सलीमभाई तिच्या मागे उभे राहून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत होते. ती वळायची, हे परत वाजवायचे, ती परत वळायची. थांबायलाच तयार नाहीत. शेवटी हेमाने त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. "बस करो भाई, अब बच्ची को सोने दो."

त्यानंतर सलीमभाईंच्या कारखान्यातले काही जण आले. पण बाकी नारपोली लांबूनच बघत राहिली, आणि वर्ष संपत आलं. इंग्लंडहून विचारणा झाली, कधी येताय. मी आतून खचलो होतो. मला वाटत होतं ही जाणार, आणि खरं सांगायचं तर जावंच तिने, असंही वाटत होतं. एवढी शिकलेली बाई रिकाम्या बाकाकडे बघत किती दिवस बसणार? पण घरी तिने सांगून टाकलं, सोमवारी मी राजीनामा कळवणार आहे.

शनिवारी आत्या रिक्षा करून एकटीच नारपोलीला आली. वर्षभरात तिने त्या जागेत पाऊल ठेवलं नव्हतं. मी दाराचं रबर बदलत होतो, मला बाजूला सारून ती सरळ आत शिरली, मागोमाग मीही. लूम चालू होते, म्हणून हेमाने सवयीने दोन्ही दारं लावली. आता आत आम्ही तिघं.

"तुना तिकरं काय कमी परला?" आत्या नेहमीसारखी ओरडत होती, आणि त्या शांत खोलीत तिचा आवाज हातोड्यासारखा लागत होता. "मी कांड्या भरून तुना शिकवली ती इथं येऊन बसाला?"

हेमा पाठमोरी वाकून मशीनच्या वायरी गुंडाळत होती. तशीच म्हणाली, "आये, माना हितंच बरा वाटतंय."

"आता गप कनाला? बोल ना."

मला वाटलं, आत्या रागात बोलतेय. पण हेमाचे हात वायरीवर थांबले. ती वळली नाही. तशीच पाठमोरी, साध्या आवाजात म्हणाली, "आये, तू जेवलीस काय?"

आत्या भिंतीकडे बघत होती. काही नाही. हेमा वळली आणि तेच, तेवढ्याच आवाजात, तिच्या समोर विचारलं. आत्या तिच्या ओठांकडे बघून म्हणाली, "जेवलंय. ता काय मधीच इचारतंस?"

हेमा खुर्चीवर बसली. मग तिने विचारलं, "कवापासून?"

आत्याला समजलं. "तू गेलीस त्याच्या आधीपासून. फोनवर तू काय बोलतंस ता माना कधी समाजलाच न्हाय. तुझा आवाज येयाचा... तेवरा बास व्हता."

"मग सांगितला कनाला न्हाय?"

"सांगितला असता तर तू परत आयली असतीस."

मी दोन दारांच्या मधल्या जागेत जाऊन उभा राहिलो. मला तिथे थांबवेना. नंतर हेमाने हाक मारली तेव्हा आत्याच्या कानांवर हेडफोन होते आणि तपासणी चालू होती. हेमा डोळे पुसत होती आणि हसतही होती, कारण आत्या आवाज नसतानासुद्धा मधूनमधून बोट वर करत होती, पोरीला बरं वाटावं म्हणून.

सोमवारी माझ्याच ऑफिसच्या फोनवरून हेमाने इंग्लंडला कळवलं. फोन ठेवला आणि म्हणाली, "झालं. आता बाहेरच्या बाकावर पत्रा टाकून दे, लोकं उन्हात बसतील." लोकं कुठं आहेत, असं मी विचारणार होतो. पण लोकं येणार होती, कारण आता आत्या कामाला लागली होती. मशीन कानात बसलं तेव्हा आत्याचं पहिलं वाक्य होतं, "तुझा आवाज घोगरा हाय ग. माना वाटलेला बारीक हाय." आणि मग ते मशीन घालून ती कोनच्या प्रत्येक घरात जाऊन आली. कांडी भरणाऱ्या बायका आल्या, त्यांच्यामागून त्यांचे नवरे आले, दिघाशीहून टेम्पो भरून माणसं आली. शुक्रवारी तर नारपोलीच्या त्या गल्लीत जत्रा. सलीमभाईंनी कारागिरांच्या कानात घालायला बोळे आणले आणि इतर शेठांना स्वतः जाऊन सांगितलं की बाई तक्रारवाली नाही. कोनची सुगंधा नावाची मुलगी हेमाच्या हाताखाली तयार झाली. हेमाच्या इंग्लंडमधल्या दोन मैत्रिणी हे सगळं बघायला आल्या. त्यातली एक नागपूरची. ती पुढच्या वर्षी सामानसुमान घेऊन घरी परतली, आणि माझ्या मिस्त्रीला खोली बांधायला घेऊन गेली. कुणी हेमाला त्यागमूर्ती वगैरे म्हटलं की ती वैतागायची. "मला इथे जास्त मजा येते," एवढंच तिचं म्हणणं. ते अगदी खरं होतं. मी साक्षीदार आहे.

ती गेली त्या दिवशी आत्याने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. "आता कोनाचा आयकू?" म्हणाली. पुन्हा सगळे तिच्याशी ओरडून बोलायला लागले, आणि ती नुसतीच मान हलवायला लागली. मी दोनदा डबी तिच्यापुढे धरली. तिने बघितलं नाही.

मागच्या शुक्रवारी सुगंधाचा फोन आला, "काका, आजी इथं येऊन बसल्यात." मी गेलो. बाहेरच्या बाकावर, पत्र्याखाली, आत्या बसली होती. कानात मशीन होतं. शेजारी एका कारागिराची बायको, कडेवर लहान पोर. नवऱ्याने कान तपासायला पाठवलं होतं, पण खोलीत जायला घाबरत होती. दोन दारं बंद करतात म्हणे, आत काय करतात कोण जाणे. आत्याने तिचा हात धरला होता आणि अर्धं आमच्या बोलीत, अर्धं हिंदीत तिला समजावत होती. पूर्वी आत्या बोलली की चार घरांपलीकडे ऐकू जायचं. मशीन बसल्यापासून हेमा तिला सारखी सांगायची, "आये, हलू बोल," आणि आत्या तिच्यावर डाफरायची.

"मेरी बेटी का रूम हाय," आत्या म्हणत होती. "अंदर जा. कुछ न्हाय होता."

बाईला ऐकू आलं नाही. "क्या बोला, अम्मा?" असं म्हणत ती पुढे झुकली. मला वाटलं, आता आत्या आवाज चढवेल. तिने चढवला नाही. ती बाकावर थोडी सरकली, त्या बाईच्या आणखी जवळ गेली, आणि तेच परत एकदा, तेवढ्याच हळू आवाजात सांगितलं.